बघूचा रकाना

माळवस्ती, ता. शेवगाव
९ डिसेंबर २०२४

चि. अमृत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आई एकदा म्हणाली होती, तुमचे दादा बघू म्हणले की समजायचं, न्हाई म्हणले. तुला आठवतं का, ठाऊक नाही. तू चौथीत होतास. सायकल मागितलीस, दादा बघू म्हणाले, आणि तू तीन दिवस शाळेतून आल्या आल्या दप्तरही न काढता ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलास. चौथ्या दिवशी आईनं भाकरी थापता थापता हे सांगितलं आणि तू असा रडलास की तव्यावरची भाकरी करपली. ती करपलेली भाकरी मी खाल्ली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आज ते आठवायचं कारण सांगते. काल अंगणवाडी सुटल्यावर मी खालच्या रानात कापूस वेचायला गेले, तर रानात तांबडी निशाणं. बांधापासून तिरपी, सरळ ओळीनं. ह्यांना विचारलं, तर म्हणाले की दुपारी चार माणसं जीपमधून आली, पाइपलाइनवाले आहोत म्हणाली, पाणी मागून प्याली आणि गेली. एक निशाण, पानाड्यानं विहिरीसाठी पाणी दाखवून ठेवलेल्या दगडाला खेटून आहे. त्या जागी पानाड्याच्या तळहातावर आडवा नारळ उभा राहिला होता, ते तू स्वतः पाहिलंस. तेव्हा तू हसलास आणि मी तुला चिमटा काढला.

आता मला समजत नाही ते असं. दिवाळीआधी तुम्ही कंपनीची माणसं मारुतीच्या देवळात बैठकीला आलात. माझा भाऊ बूट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून माइकवर बोलतोय, याचं मला इतकं कौतुक वाटलं की अंगणवाडीची पोरंसुद्धा मी तिथंच आणून बसवली. भिंतीवर नकाशा होता. गॅसच्या लाइनची तांबडी रेघ आप्पासाहेबांच्या मोसंबीच्या बागेतून जात होती, आमच्या रानापासून चांगली लांब. पोरं त्या रेघेवर बोट फिरवून झुकझुक गाडी करत होती, तेव्हा माझ्या नजरेची चूक नाही.

मग रेघ वळली कधी? आणि कोणी वळवली?

फोनवर विचारणार होते. पण हल्ली तुझ्या फोनला माझ्याच वेळेला रेंज नसते. शिवाय बोललेलं उरत नाही, कागदावरचं उरतं, हे देवळात तूच आम्हाला समजावून सांगितलंस. पाकिटावर जिल्हा अहिल्यानगर असा घातलाय. पोस्टमन अजून नगरच म्हणतो.

लोभ आहेच. उत्तर मात्र लवकर यावे.

तुझी,
मनकर्णाअक्का

*

संगमनेर
१७ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्का हिला अमृतचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. इथली पोरं पाकीट हातात घेऊन विचारत होती की साहेब, अजून पत्र येतं का कोणाला. मी म्हटलं, मला येतं, माझी बहीण सेविका आहे, तिला रजिस्टर भरायची सवय आहे.

अक्का, आधी मनातून भीती काढ. लाइन मी आखत नाही. ते इंजिनियर आणि त्यांचे संगणक बघतात. कधी दगड लागतो, कधी ओढा आडवा येतो, मग रेघ थोडी सरकते. याला तांत्रिक कारण म्हणतात. माझं काम फक्त घरोघरी जाऊन लोकांचं म्हणणं नोंदवायचं. पाइप चांगला खोल जाणार, वरून माती पूर्ववत. जमीन तुमच्याच नावावर राहणार. वर कापूस घ्या, बाजरी घ्या, तूर घ्या. त्या पट्ट्यात फक्त झाड, घर आणि विहीर नको. विहीर जरा बाजूला घेतली म्हणून काय बिघडलं? पाणी काय एकाच जागी दडून बसलेलं असतं?

आणि दाजींनीच हरकत नाही म्हटल्याचं नोंदवहीत आहे. तेव्हा आता गावातल्या कोणाच्या बोलण्यात येऊन कागदबिगद करू नका. माणसं दोन्हीकडून मजा बघतात.

तुझ्या वाल्मिक आणि मोनिकाची ऊसतोडीची टोळी आमच्या इथून जवळच उतरलीय. रविवारी त्यांच्या पाचटाच्या कोपीवर जाऊन येईन. दिपालीनं त्यांच्या राजनंदिनीसाठी लोकरीची शाल आणून ठेवली आहे. इथं नदीकाठाला थंडी फार. दिपालीचा तुला नमस्कार. तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी संपली, तेवढी कोणाबरोबर तरी पाठव.

लोभ आहे तितका राहू द्यावा.

तुझा,
अमृत

*

माळवस्ती
२६ डिसेंबर २०२४

चि. अमृत यास आशीर्वाद.

चटणी पाठवते. अजिनाथचा टेम्पो सोमवारी कांदा घेऊन संगमनेरला येणार आहे, त्याच्याकडे डबा दिलाय. डबा परत पाठव, झाकणाला आईचं नाव आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. छान लिहिलंयस. दगड आहे, ओढा आहे, शाल आहे, चटणी आहे. आप्पासाहेब मात्र एकदाही नाहीत. मी सरळ त्यांच्या बागेचं विचारलं होतं. त्यांच्या दारात तालुक्याच्या गाड्या उभ्या असतात, म्हणून ज्यांचं नाव आम्ही हळू आवाजात घेतो, त्यांचं नाव पत्रातही घ्यायची चोरी झाली का?

विहीर बाजूला घ्या म्हणतोस. बाजूला तीन बोअर कोरडे गेलेत, ते तुला माहीत आहेत. माझा वाल्मिक आणि सूनबाई यंदा शेवटच्या वेळी ऊस तोडायला गेलेत, असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलंय. एप्रिलमध्ये ती दोघं आली की विहिरीला हात लावायचा. पाणी लागलं तर पुढच्या वर्षी राजनंदिनी कोपीत नाही, माझ्या अंगणवाडीत असेल. वजनकाट्यावर मी गावातल्या सगळ्या पोरांना बसवते आणि माझी नात उसाच्या फडात पाचटावर झोपते. तिला घरी आणायचं म्हणून ती विहीर आहे, अमृत.

आता दुसरं. तुमच्या गावभेटीच्या अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत आली आहे. मी ग्रामसेवकांकडून मागून घेतली आणि खिडकीशी बसून वाचली. एकतीस घरं. तीस घरांपुढं हरकत नाही, असं लिहिलंय. अक्षर तुझं. तुझा ह मी ओळखते, पाटीवर मीच गिरवून घेतलाय.

मग मी दारोदार फिरले. लसीकरणाची यादी करायला जाते तशीच गेले. प्रत्येकाला एकच विचारलं, अमृत आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात. सगळ्यांचं उत्तर एक. बघू. सहादेवतात्या तर माझ्यावरच तापले. म्हणाले की दारात आलेल्या पाव्हण्याला च्या पाजून तोंडावर न्हाई म्हणायचं व्हय? बघू म्हणलो की. आता यापरीस काय कुत्रं सोडायचं हुतं त्याच्या अंगावर? गोरक्षची आई म्हणाली, पोरगं अन् सून ऊस तोडाया गेल्याली, मी एकली काय सांगनार, बघू म्हणले. आणि आमचे हे! त्यांनी तर तुला दोनदा बघू म्हटलं, मी चुलीपाशी होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

हे एवढंच असतं तरी मी समजले असते. शहरात राहून शब्द विसरला, असं म्हटलं असतं. पण अहवालात एका घरापुढं हरकत आहे असं आहे. आप्पासाहेब. आणि त्या दिवशी आमच्याकडं जेवताना तूच हसून सांगितलंस की अक्का, आप्पासाहेब पण बघूच म्हणाले गं, तीन वेळा म्हणाले, चहात साखर ढवळत म्हणाले.

एकच शब्द. त्यांच्या ओट्यावर त्याचा अर्थ नाही असा झाला आणि आमच्या ओट्यावर हो. म्हणजे तुला अर्थ ठाऊक होता. मला रात्रंदिवस तेच टोचतंय.

लोभ आहे की नाही, ते या खेपेला तू कळवावे.

मनकर्णा

*

संगमनेर
३ जानेवारी २०२५

ती. अक्का, साष्टांग नमस्कार.

डबा मिळाला. अजून उघडला नाही.

फॉर्मवर दोनच रकाने होते. हरकत आहे आणि हरकत नाही. बघूला रकाना नव्हता. पहिल्या दिवशी मी वरच्या साहेबांना विचारलं की माणसं असं म्हणतात, काय लिहू. ते बाहेरचे. ते म्हणाले की बघू म्हणजे विचार करतो, म्हणजे विरोध नाही. मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. दिवसाला वीस घरं करायची होती. मी मान हलवली आणि तिथून पुढं हात आपोआप चालू लागला.

आप्पासाहेबांचं वेगळं झालं. त्यांच्याकडून निघालो आणि संध्याकाळपर्यंत साहेबांना वरून कोणाचा तरी फोन. साहेब म्हणाले, त्यांच्या बघूचा अर्थ नीट लिहा. मी नीट लिहिला.

मग रेघ कुठं न्यायची, ते विचारायला त्यांनी मला नकाशापुढं उभं केलं, कारण गाव माझ्या माहितीचं. दोन वाटा होत्या. एक वस्तीला खेटून, सहादेवतात्यांच्या आणि गोरक्षच्या घरामागून. दुसरी तुमच्या रानातून. लाइन मी आखत नाही असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. बोट मी ठेवलं. पानाड्याचा दगड मला आठवत होता. मला वाटलं, बाकीचे बोंबलतील, मोर्चा आणतील. घरचं माणूस ओरडणार नाही.

माझी नोकरी कंत्राटी आहे, मार्चला मुदत संपते. आमच्या आर्याच्या शाळेची फी... जाऊ दे, कारणं तुला सांगून काय उपयोग. अक्का, हे एवढं पोटात घाल. विहिरीसाठी दुसरी जागा आपण मिळून शोधू. पानाड्याला मी स्वतः गाडीतून आणतो.

लोभ मागायला तोंड नाही. तरी असावा.

अमृत

*

माळवस्ती
८ जानेवारी २०२५

चि. अमृत यास अक्काचे आशीर्वाद. ते काही मी मागं घेतलेले नाहीत.

घरचं माणूस ओरडणार नाही, हे तुझं वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं नाही. ते तुझं पत्र आलं का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, चटणी आवडली म्हणतोय.

परवा वाल्मिकचा फोन आला. सांगत होता की मामा आला होता, शाल दिली, कोपीत वाकून शिरला आणि राजनंदिनीला मांडीवर घेऊन बसला, तो चहा निवून गेला तरी उठला नाही. मोनिका म्हणाली, मामाला बरं न्हाई वाटतं. पूर्वी मला हे ऐकून भरून आलं असतं. आता मी विचार करत बसले की ती शाल मायेची होती की बोट ठेवल्याची. स्वतःच्या भावाच्या शालीवर मला संशय येतोय, अमृत, आणि याचं दुःख मला निशाणांहून जास्त आहे. मग मोनिकानं विचारलं की आत्या, एप्रिलात कोणत्या दिवशी खणायला लागायचं. मी म्हटलं, बघू. तोंडातून निघून गेलं. तिनं फोन वाल्मिककडे दिला. तिला कळतं.

आम्ही हरकती लिहिल्यात. मुदत चौदा तारखेपर्यंत आहे. रोज पोरं घरी गेली की अंगणवाडीत बाया आणि म्हातारे जमतात आणि मी एकेकाची लिहून देते. ऊसतोडीला गेलेल्यांच्या सह्या आणायला अजिनाथ टेम्पो घेऊन फडांवर फिरतोय. सहादेवतात्यांनी मजकूर सांगितला की मी बघू म्हणलो, त्याचा अर्थ न्हाई, अन् ज्यानं व्हय लिवलं त्याला मराठी येत न्हाई. शेवटचं वाक्य मी गाळलं. तुझ्यासाठी गाळलं. तुला मराठी येतं.

आमची रेघ गोरक्षच्या घरामागं ढकला, असं मी म्हणत नाही. तुझ्या दोन वाटांत मला तिसरीही दिसते, तीच जी देवळाच्या भिंतीवर होती. पण सुनावणीत साहेब विचारणार की अहवालात तर तीस घरं तयार आहेत, मग आता कोणी फितवलं तुम्हाला. तेव्हा आमच्या तोंडी शब्दाला कोण विचारतं? बघू म्हणजे काय, हे तिथं सांगायला लिहिणारा माणूसच लागतो.

म्हणून मागते. एकवीस तारखेला शेवगावला सुनावणीला ये. उभा राहा आणि सांग की ही सगळी माणसं नाही म्हणाली होती आणि ते मला कळलं होतं. एवढं एकच वाक्य. पुढं तुझी नोकरी राहणार नाही, हे मला दिसतं. तू येणार नाहीस, हेही दिसतं. दिपाली येऊ देणार नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तरी मागते, कारण न मागता तुला सोडून दिलं तर घरचं माणूस ओरडलं नाही, हे तुझं खरं ठरेल.

डबा अजून उघडला नसशील तर उघड. चटणीला वास लागतो.

माझा लोभ आहे. तो कोणत्या रकान्यात बसतो, ते तू ठरव.

तुझी,
अक्का

ता. क. यायचं नसेल तर एका ओळीत नाही असं लिहून पाठव. तेही तुझ्याच्यानं होणार नाही, बघूच लिहिशील. त्याचा अर्थ मला आईनं शिकवलाय, तरी मी तीन दिवस ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसेन. तेवढं मला करायला लावू नकोस.