बोट ठेवायची की विकायची

आदरणीय वुकोसावाताई यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, देसांकाच्या नवऱ्याचा, म्हणजे तोझाचा, वाकून नमस्कार (कंबर धरते तितपतच वाकलोय, समजून घ्या). तुमचा रक्तदाब ताळ्यावर असेल आणि यंदाची जर्दाळूची राकिया भट्टीतून मनासारखी उतरली असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी देतात, देसांका बोलते, मी ऐकतो.

तुम्ही ईस्टरला आमच्या मोटारबोटीला नावं ठेवून गेलात, ते देसांकाने मनावर घेतलं. गिऱ्हाईकही ठरवलं: पलीकडच्या गावचा गेझा साबो, सोमवारी येऊन बोट नेणार. ताई, शेतपंपाचं जुनं इंजिन बसवून मी स्वतः जुळवलेली बोट ती. शेवटी गयावया करून एवढंच कबूल करून घेतलं, की रविवारी तिने दिवसभर बोटीतून फिरावं, कालव्याने थेट तिसा नदीपर्यंत यावं आणि मग काय तो निकाल द्यावा. आमच्या संसाराला इतकी वर्षं झाली, पण बोटीत तिने पाय ठेवला नव्हता.

तर रविवारी सामान भरलं. टांगतं पातेलं, तिवई, कांदे, लाल तिखट, शेवया, वाइन. देसांकाने सगळं नजरेखालून घातलं आणि विचारलं, "मासा कुठाय?" मी म्हटलं, "पाण्यात." "त्याला कळवलंय का?" म्हणाली. आता तुम्हीच सांगा, बाजारातला मासा घेऊन पाण्यावर जाणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरून डबा नेण्यासारखं. चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं (आधीच्या तीन झटक्यांना मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही). पण कालव्याच्या पहिल्याच दाराशी दार राखणाऱ्या बोश्कोने अडवलं. पलीकडचं पाणी खालच्या पातळीला, त्यामुळे हे दार उघडायचं म्हणजे पाणी भरा, पाणी सोडा, आणि बोश्को पडला चिकट. "एकट्या बोटीसाठी एवढं पाणी सोडू? कालवा काय माझ्या सासऱ्याचा आहे? तीन बोटी जमू दे, मग बघू." झालं, बांधली बोट काठाला. मागे वळून पाहिलं तर आमच्या घराचं धुराडं अजून दिसत होतं. गळ टाकून बसलो. मासे बहुधा चर्चला गेले असावेत. देसांकाने विणकाम काढलं.

एवढ्यात दुसरी बोट आली, आणि तिच्यात कोण, तर गेझा. त्याची बोट अशी गळकी, की एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने पाणी उपसणं चाललेलं. पण त्याच्याकडे चांगला मांडीएवढा कार्प मासा होता आणि पातेलं नव्हतं. माझ्याकडे पातेलं होतं. गरज पडली की गिऱ्हाईकसुद्धा सोयरा होतो, तेव्हा जाळ पेटवला, पातेलं टांगलं आणि मासा टाकला.

इथपर्यंत सुरळीत होतं. मग गेझाने पळी काढली. मी म्हटलं, "ढवळू नकोस, माशाचा लगदा होईल. पातेलं कडीला धरून हलवायचं." तो म्हणाला, "आणि शेवया?" मी म्हटलं, "वेगळ्या शिजवायच्या." "वेगळ्या? आजारी आहेस का? आमची आजी पातेल्यातच टाकायची." "म्हणूनच तुझे आजोबा शेजाऱ्यांकडे जेवायचे." हे मी बोलायला नको होतं. तो माझ्या नाकाशी नाक भिडवून उभा राहिला, बोश्को पंच म्हणून मध्ये आला, आणि रस्सा करपायला लागला.

"बाजूला व्हा तिघंही," देसांका म्हणाली. विणकाम ठेवून तिने पातेल्याची कडी धरली.

ताई, तुम्ही जाणताच, आमच्याकडे टांगत्या पातेल्याला बाईमाणूस हात लावत नाही. घरची चूल तिची, काठावरचा जाळ पुरुषांचा. बोश्कोने तर टोपी काढली, कुणी गेल्यावर काढतात तशी. तिने लाकडं मागे ओढून जाळ कमी केला, वाइन ओतली, पातेलं दोनदा असं गरकन फिरवलं, की मला जन्मात जमलं नाही. शेवया वेगळ्या शिजवल्या. (गेझाच्या वाटणीच्या तेवढ्या रश्श्यात सोडल्या.) आम्ही जेवलो. गेझाने ताट पावाने पुसून पुन्हा पुढे केलं. मधेच तिसरी बोट आली, बोश्कोने तोंडात घास तसाच ठेवून दार उघडलं, ती बोट गेली, दार मिटलं, आणि आपल्यालाही जायचं होतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसा काही दिसली नाही. उन्हं कलल्यावर परत फिरलो, तेव्हा देसांका म्हणाली, "सरका, मला धरू दे." सुकाणू तिच्या हातात, बदकं बाजूला होतायत, लव्हाळ्यांमधून वारा येतोय आणि ती गुणगुणतेय. मी पुढे बसून नुसतं पाणी पाहत होतो. सोमवारी गेझा आला, तर तिने त्याला दारातच सांगितलं, "बोट विकायची नाही. मासा आणलास तर थांब."

साडूभाऊंना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आहेच, तो राकियासारखा मुरू द्या.

तुमचा
तोझा

ता. क. बोटीच्या बाकाला देसांकाने निळा रंग दिला. मला बूट काढून चढावं लागतं.

ता. क. दुसरा, आणि खरं तर एवढ्यासाठीच कागद घेतला. येत्या रविवारी फिरायला ती तुम्हाला बोलावणार आहे. बाकावर दोघंच मावतात, आणि कोंबड्यांजवळ कोणीतरी हवं म्हणते, ते कोणीतरी म्हणजे कोण हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तेव्हा ताई, हात जोडतो, तुम्हाला पाण्याची भयंकर भीती वाटते असं तिला उलट टपाली कळवा.