सुमीचं पहिलं व्हर्जन

सोमवार, दिवाळीनंतरचा, २००९. दिवेलागण.

आज जीव टांगणीलाच होता. नात सुमी सुट्टीला मंठाळला आली, तरी कम्प्युटर काही सोडंना. तिनं अन् तिच्या सोबत्यांनी मराठी लिहायचं एक साधन करून इंटरनेटवर फुकट ठेवलंय, कुणीबी उतरवून घ्यावं. सर्व्हरवर जागा भरली म्हणून जुनी व्हर्जनं काढून टाकायली होती, अन् एकदम म्हणाली,

"आज्जे, सगळ्यात पहिलं बी गेलं. प्रत ठेवली न्हाई."

गावच्या शाळेतल्या जुन्या कम्प्युटरवर तेवढंच चालतंय म्हणं.

"कामून पुसलीस मग?" बोलून गेले. बोलायचं नव्हतं. पोरीचा चेहराच उतरला. ती इंटरनेटवरनं जगभर विचारत बसली, कुणाकडं प्रत हाय का म्हणून. दही लावायला तापवलेलं दूध कोमट होऊन गार झालं, विरजण वाटीतच राहिलं.

आत्ता हाक आली, "आज्जे, सापडलं गं." दुबईला कामाला गेलेल्या कुण्या अनोळखी माणसानं उतरवून ठेवलं होतं, त्यानं परत पाठवलं.

आमचं विरजण नासलं की मी शेजारच्या गंगाक्काकडनं आणते. तिला आधी मीच दिलेलं असतंय. ह्यात काय वेगळं? हसू आवरंना. आता दूध परत तापवते, अन् विरजणातलं चमचाभर आधी गंगाक्काला देऊन येते.