पाच फूट दोन इंचांची चौकट

तिवसा,
ता. १२ जुलै २००९

शेषरावभाऊंना नबी मिस्त्रीचा सलाम आणि जयभीम. दुर्गावहिनींचा खोकला आता कसा आहे? (आधी वहिनींचं विचारा, अशी आमच्या घरवालीची, रहिमाबीची, सक्त ताकीद. तिच्या मते रेल्वेतून रिटायर झालेल्या माणसाला काही होत नसते.) इकडे आम्ही बरे. पावसाने दडी मारली, कपाशीची दुबार पेरणी झाली. गावात तीन वर्षांत एकाही घराचा पाया खोदला गेला नाही. माझ्या थापीने रहिमाबी आता चुलीतली राख ओढते.

पत्रास कारण आपली नात मिस्बाह, गुलफामची थोरली. बारावी झाली तसा बाप म्हणे डी.एड. कर, अन् पोरगी म्हणे आर्किटेक्चर. गुलफामने मला विचारलं, हे काय असते? मी सांगितलं, घर बांधायच्या आधी जो विचार करतात, ते शिक्षण. तर माझा मुलगा माझ्याच तोंडावर म्हणतो, "मंग तुमी चाळीस वर्षं काय करत होते, अब्बा?" (मी पान खायला बाहेर गेलो.)

प्रवेश परीक्षेत चित्र काढावं लागते म्हणून सरावाला पोरगी माझा टेप अन् वही घेऊन गावात घरं मापत निघाली. आता तुम्हाला माहीतच आहे, या दिवसांत आपल्याकडे कोणी टेप अन् वही घेऊन फिरलं की लोक एकच समजतात: सरकारी मदतीच्या पॅकेजचा सर्व्हे आला! ती चावडीपर्यंत पोहोचायच्या आत बातमी वेशीपर्यंत गेली. मनकर्णाबाईने टीव्हीवर दोन गोधड्या टाकून त्याला आजारी माणसासारखं निजवलं. जानराव, जो सोयऱ्यांना स्लॅब दाखवताना थकत नाही, तो त्याच स्लॅबखाली छत्री उघडून बसला. (बाहेर ऊन होतं.) मिस्बाह सांगून थकली, "आजी, मी फक्त नकाशा काढून राहिली." मनकर्णाबाई म्हणे, "हो वं माय, सारे सायेब असंच म्हणतात. तू लिही, भिंत पडकी हाय."

दुसरी कोणी असती तर हसली असती, नाहीतर रडकुंडीला आली असती. आपली पोरगी खाली बसून प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकत गेली. तिच्या ध्यानात आलं की मनकर्णाबाई दुःख सांगताना डोळे पुसते खरी, पण ते पाणी धुराचं आहे. अर्धा तास चुलीपाशी उभी राहून तिने धूर कसा फिरतो ते पाहिलं, वहीत बाण काढले आणि मला म्हणाली, "दादा, तुमचं धुराडं वाऱ्याच्या तोंडाशी आहे. समोरच्या भिंतीत वर, इथं फोडा." ते स्वयंपाकघर मी बांधलेलं. मी आधी पुष्कळ कुरकुर केली, मग छिन्नी घेतली. आठ विटा काढल्या आणि वीस वर्षं घरात मुक्कामाला असलेला धूर असा निघाला, की वाटेत कोणाशी बोलला नाही. भाऊ, जे मला चाळीस वर्षांत दिसलं नाही, ते तिला बाणांत दिसलं.

मनकर्णाबाईने टीव्हीवरच्या गोधड्या काढल्या आणि सरळ आमच्या घरी येऊन गुलफामला झापलं, "मायं पॅकेज नाई आलं तं नाई आलं, पोरीले पाठव!" गुलफामने डी.एड.चा फॉर्म घडी घालून कोनाड्यात ठेवला आणि पोरीला घेऊन अकोल्याला परीक्षेला गेला. तिथे चित्र आलं होतं: घरात शिरणारा माणूस. मिस्बाहने एक उंच माणूस काढला, कमरेत वाकलेला, एक हात कपाळावर. ती पास झाली. अमरावतीच्या कॉलेजात नंबर लागला. तो माणूस कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

वहिनींना आदाब. लेकराबाळांना दुवा.

तुमचा,
नबी मिस्त्री

ता. क. – गुलफाम म्हणतो, होस्टेलात ठेवणार नाही. शेषराव काका ठेवून घेतील तरच पाठवतो, नाहीतर डी.एड.चा फॉर्म कोनाड्यातच आहे. तुमच्या बडनेऱ्याहून कॉलेजला ऑटो मिळते. तुमची वरची खोली पाच वर्षं रिकामी असेल का? भाजी सगळी खाते. भिंतीवर मात्र पेन्सिलीने काहीबाही लिहिते.

आणखी एक ता. क. – ती आली की पहिल्या दिवशीच सांगेल, म्हणून मीच सांगतो. तिने मापलेल्या माझ्या सगळ्या चौकटी पाच फूट दोन इंच निघाल्या. दाराला मी टेप कधी लावलाच नाही. खाली स्वतः उभा राहायचो, डोक्यावर चार बोटं मोजायचो, झालं माप. घरात शिरताना माणसाने नम्र असावं म्हणून तुमच्या घराचं दार बांधताना मुद्दाम ठेंगणं ठेवलं, असं मी तुम्हाला सव्वीस वर्षं सांगत आलो, आणि तुम्ही ते चार पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं. कपाळावरच्या त्या टेंगळाची माफी मागतो.

शेवटचं – तुमचं दार सव्वा फुटाने उंच कसं करायचं, त्याचा नकाशा पोरगी सोबत आणते आहे. फोडायला मी येतो, या वेळी टेप घेऊन. तोवर आत-बाहेर जरा नम्रच राहा.