जस्त अंगठ्यापर्यंत पोचत नाही

तुळजापूर,
भाद्रपद वद्य १०, शके १८८४

तीर्थरूप नारायणराव भावोजींना चारुशीलेचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडील सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. जाऊबाई द्वारकाबाईंचा दमा कसा आहे? नळदुर्गात पाऊस बरा झाला म्हणे. आमच्या प्रमोदिनीला चौथीचं गणित जड जातंय. तुमचे धाकटे भाऊ एवढे मोठे झाले तरी तुमच्याच धाकात आहेत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

यांच्या पायाचं कानावर आलं असेलच. मधुमेह जुना. उजव्या अंगठ्याला चीर पडली तेव्हा यांना दुखलंही नाही, म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. गुरुलिंग वैद्यांचं जस्तभस्म मधात कालवून चाटत होते. सोलापूरच्या डॉक्टरांची इन्सुलिनची सुई मात्र नको म्हणून हटून बसले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "महाराज, या औषधातही जस्तच घातलंय." तेव्हा कुठं दंड पुढं केला. मला हसू आलं होतं.

मागच्या खेपेला मीच विचारलं, जस्त पोटातून जातंय, सुईतून जातंय, मग जखम का भरत नाही? डॉक्टर म्हणाले, जस्त, लोह सगळं शरीराला हवंच, पण ते वाहून नेतं रक्त. साखरेनं यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. अंगठ्यापर्यंत काही पोचतच नाही.

जमिनीवर निजू नका, पाय गार पडू देऊ नका, असं त्यांनी बजावलंय. पण देवी घटस्थापनेपर्यंत निद्रेत आहे. या दिवसांत आपल्या पुजाऱ्यांत गादी-उशी कोण घेतं? हे उघड्या फरशीवर पडतात. मी पायाखाली वाकळ सरकवली, तर लोटून दिली. मला एका जागी बसवत नाही. लिहिता लिहिता उठते, पाय बघते, परत बसते.

अंगठा काळा पडलाय, भावोजी. काळेपणा वर सरकतोय. घटस्थापनेपर्यंत थांबलात तर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परवा सकाळच्या गाडीनं सोलापूरला जायचं ते सुई बदलायला, असं यांना वाटतं. मीच तसं सांगितलंय. खरं तर पाऊल कापून काढायचंय. मी होकार देऊन आले.

काल शेपू निवडत होते, तर हे आपणहून म्हणाले, "पाय गेलेल्याला गाभाऱ्यात कोण घेतंय? त्यापरीस आईनं असंच न्यावं." मी मान वर केली नाही.

फसवून नेऊ नये, हे मलाही कळतं. पण सांगायला जावं तर हे नवरात्रातल्या पूजेच्या पाळीचं काढतात आणि माझा धीर सुटतो. उद्या या आणि तुम्हीच सांगा. तुमच्यापुढं ते नाही म्हणायचे नाहीत. म्हणालेच, तर त्यांच्या बाजूनं बोलू नका, एवढं पदर पसरून मागते. तुम्हीही पुजाऱ्याच्याच घरचे, म्हणून भीती वाटते.

शेजारचा सिद्धेश्वर नळदुर्गला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देते.

पूजा दुसरं कुणीही करील. यांनी जन्मभर माझ्याशी अबोला धरला तर धरोत. घरात बसून धरोत.

तुमची वाट पाहणारी,
चारुशीला