डाव्या हाताचा पीळ

प्रिय दादा,

बऱ्याच दिवसांनी सविस्तर लिहायला बसले आहे. ‘मास्तरीणबाईंचे प्रवचन सुरू झाले’ असे म्हणून पहिल्याच पानावर थांबू नकोस. आपल्या बंद पडलेल्या सॉसेजच्या दुकानासमोर, कोपऱ्यावर पडद्यांच्या कापडाचे दुकान होते ना, तिथे आता एक बार उघडला आहे. सॉसेज आणि बिअर, याखेरीज तिथे काही मिळत नाही. दारावर पिवळा दिवा, आत लाकडी बाके, मागे स्वयंपाकघराचे झुलते दार आणि त्या दाराला बशीएवढी गोल काच. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. छापखान्यात दिवसभर मुद्रिते तपासून आलेल्या माझ्या डोळ्यांना त्या आधी दिसल्या, बिअरचे पिंप नंतर.

मी बारमध्ये गेले, हे वाचून तू हसला असशील. मी आपण होऊन गेले नाही, बाबांनी नेले. खिडकीशी बसल्या बसल्या त्यांना भाजक्या सॉसेजचा वास आला आणि ते चपला शोधू लागले. मी आडवी आले, तर म्हणाले, “समोर कोणीतरी आपला धंदा मांडलाय आणि मी बघायलासुद्धा जायचं नाही?” बगलेत पुस्तक घेऊन मी मुकाट्याने निघाले. आत शिरताच सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे मला वाटले. प्रत्यक्षात आत फक्त दोन रंगारी आणि टोपी घातलेले मालक होते, आणि त्यांतले कोणीही माझ्याकडे पाहत नव्हते. मी लिंबूपाणी मागितले. मालक म्हणाले, “ताई, लिंबू बिअरसाठी आणलंय, पण तुमच्यासाठी पिळतो एक.”

बाबांच्या विसरण्याविषयी मी तुला कळवले होते. ते आता चष्मा आणि किल्ल्यांपुरते राहिलेले नाही. आई गेली हे त्यांना कधी आठवते, कधी नाही. ज्या दिवशी आठवते, त्या दिवशी ती नुकतीच गेलेली असते. मला ते ओळखतात, परंतु बहुधा शाळेत जाणारी म्हणून. सकाळी दप्तर भरलेस का, असे विचारतात आणि मी भरले म्हणून सांगते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पुढे काय काय होईल ते नीट समजावले. त्यांच्या सांगण्यात कुठेही ‘कदाचित’ नव्हते.

तर त्या संध्याकाळी ताटली आली. बाबांनी सॉसेज कापले नाही. दोन बोटांनी उचलले, दिव्याखाली धरले आणि त्याच्या टोकाला राहिलेली आतड्याची पिळलेली शेपटी फिरवून पाहिली. तुला ठाऊक आहे, भरलेल्या आतड्याला पीळ देऊन एकेक सॉसेज वेगळे करताना बाबांचा, आजोबांचा, आईचा पीळ एकाच बाजूला जायचा. तू डावखुरा, म्हणून तुझा उलट. लटकवलेल्या माळांमधून तुझी माळ मलासुद्धा ओळखता येत असे. बाबा म्हणाले, “डावखुरा आहे.” मग त्यांनी गोल काचेच्या त्या दाराकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी पुस्तक मिटले.

त्यांनी सावकाश खाल्ले आणि टोकाचा शेवटचा तुकडा ताटलीत ठेवला. काटा बाजूला केला आणि ताटली स्वयंपाकघराच्या दिशेने सरकवली.

दादा, करणाऱ्याचा तुकडा. बाबांनी कोणाला तोंडाने चांगले म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. नवा घाणा भरला की पहिले सॉसेज भाजून ते चाखायचे. जमले असेल तर शेवटचा तुकडा करणाऱ्यासाठी ठेवायचे, नसेल तर तोही खाऊन ताटली पावाने पुसून काढायचे. आईला तो कितीतरी वेळा मिळाला. तुझ्या वेळी दरवेळी ताटली पुसलेली असायची. तू पडद्याआडून पाहायचास आणि मी सुतळीचे तुकडे करता करता तुला पाहायचे. शेवटी तू भरण्याचे आणि पिळण्याचे यंत्र घेऊ या म्हणालास. बाबा म्हणाले, “हाताने जमत नाही म्हणून यंत्र हवंय तुला.” त्यावर तू कपडे बॅगेत भरलेस. त्यानंतर माझ्या पत्रांना तुझी उत्तरे आली, बाबांच्या नावाने मात्र कधी एक ओळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून येताना मी धीर करून एकटीच बारमध्ये गेले आणि सॉसेज कोण करते, असे विचारले. मालकांनी मला आत नेले. आत एक शीतपेटी, एक तवा आणि खोक्यांची चळत होती. “कोण करणार ताई? कारखान्यातून येतं, यंत्रावर पिळलेलं. आम्ही फक्त गरम करतो.” यंत्र उलट्या बाजूला पीळ देते, एवढेच. मी त्यांना बाबांचे सारे सांगितले. ते टोपी काढून डोके खाजवत म्हणाले, “बसू दे हो त्यांना. तसंही कोण येतंय इथे?” ते खरे आहे. पहिल्या आठवड्यातली गिऱ्हाइके ओसरली आहेत. मालक संध्याकाळभर तेच पेले पुन्हा पुन्हा पुसत उभे असतात.

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी तिथे जातो. बाबा त्या दारासमोरच्याच बाकावर बसतात. आत डोकावून पाहण्याचा हट्ट ते करत नाहीत, याचे मला आधी आश्चर्य वाटे. एकदा मीच न राहवून विचारले, तर मलाच दटावले: “कामात असताना हाक मारायची नाही. हात थांबतो माणसाचा.” येताना रस्ता ओलांडण्यासाठी माझे मनगट धरतात आणि म्हणतात, “मीठ बरोबर पडतंय आता त्याचं.” तेवढा रस्ता ओलांडेपर्यंत ते सुखी असतात. ताटली आत जाते आणि भांडी घासणाऱ्या बाई तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात ढकलतात. काचेतून मला ते दिसते. ज्याच्यासाठी तू इतकी वर्षे पडद्यामागे उभा राहिलास, तो तुकडा रोज तुझ्या नावाने ठेवला जातो आहे आणि रोज डब्यात जातो आहे. खरे काय ते बाबांना सांगावे, असे मला वाटत नाही. ते त्यांच्या लक्षात राहील, अशीही आता आशा नाही.

आता हे सारे का लिहिते आहे ते सांगते. महिनाअखेरीस येतो, बाबांची क्षमा मागायची आहे, असा तुझा निरोप परवा आला. मी धावत जाऊन बाबांना सांगितले, “दादा येतोय.” त्यांनी माझ्याकडे, शाळेत पहिला नंबर येऊनही एवढे न कळणाऱ्या मुलीकडे पाहावे तसे पाहिले. “येतोय कशाला? आहे की आत.” दादा, तू समोरच्या दाराने आलास, तर ते तुला पाहुणा समजून बसायला सांगतील. त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा परत आलेला आहे आणि त्याचे काम सुधारले आहे. तुला येऊ नकोस असे लिहावे, या विचाराने मी बसले होते. पण काल त्यांनी शेवटचा तुकडाही खाल्ला आणि पावाने ताटली पुसली. सॉसेज बिघडले होते, की तुकडा ठेवायचा असतो हेच ते विसरले, ते मला कळले नाही. म्हणून महिनाअखेरीची वाट पाहू नकोस. तिकडे आतडी आणि खिमा मिळत असेल, तर स्वतःच्या हाताने भरलेले आणि पिळलेले एक तरी सॉसेज घेऊन ये. तव्यासाठी मालकांना विचारून ठेवले आहे. बारच्या मागच्या गल्लीतून ये, टोपी घाल किंवा डोक्याला फडके बांध आणि ताटली घेऊन त्या झुलत्या दारातून बाहेर ये. ते तुला ओळखतील असे मी म्हणत नाही. ताटलीत काय उरते, ते मात्र या वेळी तू त्यांच्यासमोर उभा राहून पाहा.

सुतळी मी कापून ठेवते.

तुझीच,
मास्तरीण