ओलं दगडफूल

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवून लिवतोय.

मी बरा हाय. हितं कर्नाटकात वानरं मोजणाऱ्या सायबांची जीप चालवतो. जेवण वेळेवर मिळतं. काल लाकडाच्या ट्रकवाल्यांनी जीप अडवली, कपाळाला जरा लागलं. टाका न्हाई पडला, काळजी नको. गाय व्याली का?

हितलं वानर काळं, तोंडाभवती आयाळ. लई थोडी उरल्यात. परवा एक मादी झाडं तोडलेल्या जागेवरनं पल्याडच्या झाडावर उडी मारताना खाली पडली आन् मेली. पिल्लू पोटाला तसंच चिकटलेलं. सायबाला रडू आलं. म्हनले, ही गेली की गेली.

तुझ्या दगडफुलाचं तसं न्हाई. सुरीनं खरवडलं तरी उशिरा का हुईना, कातळावर परत येतं. पण शेजारच्या नूतननं लिवलंय, ओलं दगडफूल अलगद निघतं म्हनून तू अजून धुक्यात कातळावर एकटी चढतीस. गेल्या साली तिथंच पाय घसरला हुता ना? मसाला दगडफुलाबिगर झाला तर हुऊ दे!

रागावू नको, पण तू दगडफूल न्हाईस, आई. तू ते वानर हायस.

तुझा,
कुमार