चेंडू आपल्याकडे ठेवायचा

डार्मश्टाट,
२० ऑगस्ट २०१६

ती. स्व. विलासमामास,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून हा कागद. लिहून झाला की फोटो काढून मामीच्या फोनवर टाकते. तिला म्हणावं, फोन आधी माझ्या हातात दे, नाहीतर ती वाचून सगळं सांगून टाकेल.

मामा, आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ प्लेऑफमध्ये पोचला! सात सामने, सातही जिंकले, आणि दर सामन्यात चाळीसच्या आसपास गुण. पुढच्या रविवारी उपांत्य सामना, तोही गेल्या वर्षीच्या विजेत्या संघाशी. हरलो की सीझन संपला. ऑफिसात ब्रेकच्या चाचण्या घेताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं.

पण आमच्या कोच हाइकेने काल बॉम्ब टाकला. म्हणाली, लांब फेकी बंद. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. तेवढेच रांगत काढायचे आणि वेळ खायचा. चेंडू आपल्याकडे राहिला तर समोरच्या पोरी बाकावर बसून गुण कशा मिळवणार, हा तिचा हिशेब. म्हणजे मी काय करायचं, तर चेंडू घेऊन धावणाऱ्या यानाच्या पोटाशी तो टेकवायचा आणि बाजूला व्हायचं. याना सुतारकाम करते, तिला पाडायला तीन जणी लागतात, सगळं कबूल. पण इथवर आलो ते माझ्या फेकींवर ना? निम्मा संघ माझ्या बाजूने आहे, निम्मा हाइकेच्या. (खांदा थोडा धरतो, पण ते लिहिण्यासारखं नाही.)

तू इतकी वर्षं कबड्डी खेळलास, पोरं शिकवलीस. चढाई करणाऱ्याला कुणी चढाई करू नको म्हणतं का? लवकर लिही. मामीला नमस्कार, आणि रागावण्याइतकी माया दोघांनीही ठेवा.

तुझी,
मुक्ता


इस्लामपूर,
२२ ऑगस्ट २०१६

चि. मुक्तास,
विलासमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. तू पाठवलेले व्हिडिओ पुन्हा पाहिले. तुझ्या कोचबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्या चुकताहेत असंही सांग.

चौऱ्याऐंशी सालची जिल्ह्याची फायनल तुला मी कधी नीट सांगितली नाही. आठ मिनिटं बाकी होती आणि आम्ही सहा गुणांनी पुढे. आमचे प्रशिक्षक वासुदेव सर म्हणाले, सांभाळून. मी सांभाळलं. निदान रेषा ओलांडायची आणि माघारी यायचं, एकामागून एक रिकाम्या चढाया. समोरच्यांनी आमचा एकेक गडी टिपला, लोण चढवला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. शेवटची दोन मिनिटं वेळ काढणं म्हणजे शहाणपण. आठ मिनिटं काढणं म्हणजे घाबरणं. तेव्हापासून प्रत्येक पोराला सांगत आलो, पुढे असशील तेव्हाच जास्त खेळ.

तू फेक. इकडे सगळं क्षेम आहे, आणि तुझ्या पत्राची वाट पाहणं हेच सध्या माझं काम आहे.

तुझा,
विलासमामा


इस्लामपूर,
२२ ऑगस्ट, दुपार

चि. मुक्तास,
कुंदामामीचे आशीर्वाद.

ह्यांचं पत्र पाठवलं, आता हे माझं. ह्यांना दाखवलेलं नाही.

त्या फायनलला मी होते. आमचं लग्न ठरलेलं होतं आणि मी मैत्रिणींबरोबर कडेला बसले होते. ह्यांचा उजवा गुडघा मध्यंतराच्या आधीच गेला होता. संघातले चारुदत्त भावजी तितकीच चांगली चढाई करायचे, पण हे कुणाला बोलले नाहीत आणि दर वेळी स्वतःच पुढे गेले. सरांनी सांभाळायला सांगितलं ते खरं. पण हे सांभाळत नव्हते गं, ह्यांना धावताच येत नव्हतं. लग्नानंतर सहा महिने मी तो गुडघा शेकलाय. ह्यांनी बत्तीस वर्षं दोष डावपेचाला दिला, आणि मीही गप्प बसले.

फेकायचं की रांगायचं ते मला कळत नाही. पण खांद्याचं तू कंसात का लिहिलंस, तेवढं मला सांग.

जेवत जा वेळेवर. इथे तुझ्यावर जीव आहे, हे खेळताना विसरू नकोस.

तुझी,
कुंदामामी


डार्मश्टाट,
२८ ऑगस्ट २०१६, रविवार संध्याकाळ

ती. स्व. मामा-मामीस,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! २४-२०.

मामी, तुझं पत्र वाचलं आणि मंगळवारी प्रॅक्टिसला ट्राममधून उतरले ती सरळ हाइकेकडे गेले. खांद्यामुळे रात्री कुशीवर झोपता येत नाही, हे सांगून टाकलं. तिला जुलैपासून संशय होता. मी स्वतःहून कधी बोलते याची ती वाट पाहत होती. मग दोघी डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, दहा-बारा फेकी, त्याहून जास्त नाही. त्या कुठे खर्चायच्या ते आम्ही बसून ठरवलं.

पहिल्या हाफमध्ये आम्ही एकदा सलग नऊ मिनिटं चेंडू सोडला नाही. तीन यार्ड, चार यार्ड, पुन्हा तीन. त्यांची फेकणारी बाकापाशी नुसत्या येरझाऱ्या घालत होती. मामा, शपथेवर सांगते, मला मजा यायला लागली. तरी शेवटची सहा मिनिटं राहिली तेव्हा आम्ही १७-२० मागे होतो. एव्हाना त्यांच्या सगळ्याजणी यानाला अडवायला पुढे येऊन उभ्या राहत होत्या. मी चेंडू तिला दिल्यासारखं केलं, मागे सरले आणि फेकला. पलीकडे आमच्या संघातली एक मुलगी एकटी उभी होती. तिने झेलून गोलरेषा ओलांडली, टचडाउन! जादा गुणासकट सात, आम्ही २४-२० पुढे.

मग त्या आमच्या गोलरेषेपासून पंधरा यार्डांपर्यंत आल्या, आणि आमच्या बचावाने त्यांना तिथे रोखलं. दोन मिनिटं उरली, चेंडू आमचा, घड्याळ थांबवायचे त्यांचे टाइमआउट संपलेले. तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवे होते. ते मिळाले की घड्याळ आपोआप संपणार होतं. हाइकेने मला बाजूला घेऊन विचारलं, "हातात अजून एक फेक आहे का?"

साडेतीनशे लोक ओरडत होते. मी म्हणाले, "नाही."

"गेनाऊ," ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि मला परत पाठवलं. यानाला चेंडू दिला. तिच्या अंगावर चौघी पडल्या. पंचांनी दहा यार्डांची साखळी आणून मोजलं, वीतभर जास्त निघालं.

मामी, मी हे पत्र दोघांच्या नावाने लिहिलंय, म्हणजे तू मला गुडघ्याचं लिहिलंस हे मामाला आता कळलंच. रागावला तर माझ्यावर रागवू दे. दोघांचा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुमची,
मुक्ता


इस्लामपूर,
३१ ऑगस्ट २०१६

चि. मुक्तास,
विलासमामाचे अनेक आशीर्वाद.

अभिनंदन, पोरी. साखळीचा व्हिडिओ पाहताना तुझी मामी उभी राहिली होती.

रागावलो नाही म्हणणार नाही. एक दिवस मी तिच्याशी बोललो नाही. काल सकाळी चारुदत्तकडे गेलो. तो पेठेत मुलाच्या दुकानात बसतो, लग्नकार्यात भेट होते तेवढीच. त्याला म्हटलं, त्या दिवशी माझा गुडघा गेला होता, मी तुला सांगायला हवं होतं. त्याने काट्यावरची साखर पिशवीत ओतली, गिऱ्हाईक गेलं, मग म्हणाला, "मला दिसत होतं, विलास. मी विचारलं नाही, कारण तू हो म्हणाला असतास तर चढाईला मला जावं लागलं असतं. फार घाबरलो होतो मी."

मग त्याने शटर अर्धं ओढलं आणि माझ्याबरोबर घरी आला. तुझा सामना दोनदा पाहिला. आज पुन्हा आला, आता रोज येणार म्हणतो. फायनलला पहिल्या प्रयत्नापासून फेका, असं त्याचं म्हणणं आहे. मी म्हणतो, रांगा. त्याला खेळ अजून नीट कळलेला नाही, पण भांडतो जोरात.

आम्हा तिघांचाही लोभ तुझ्यापाशी आहे, तो बाळगून खेळ.

तुझा,
विलासमामा